पोरासाठी पहिली एअर रायफल: आधी माप, मग मॉडेल

स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये. ती .22 ची, काडतुसाची रायफल. तिला शस्त्रपरवाना लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाची सुरुवात होते 10 मीटर एअर रायफलने. ही 4.5 मिलिमीटरची, म्हणजे .177 बोअरची. या बोअरपर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंतच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलची ताकद साधारण साडेसात जूल असते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. खरेदी मात्र मोठ्या माणसाच्या नावावर, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन, पक्क्या बिलावर करायची.

पहिले चार-सहा महिने रायफल घेऊच नका. क्लबच्या रायफलवर शिकू द्या. पोराचा उत्साह टिकतो का हे तर कळतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याची उभं राहण्याची ढब बसते. ती बसल्याशिवाय कुठली रायफल त्याला लागू पडेल हे प्रशिक्षकालाही सांगता येत नाही. तोवर नेमबाजीच्या जॅकेट-पँटवरही पैसे घालू नयेत; वर्षभरात ती तोकडी होतात.

घ्यायची ठरली की प्रशिक्षकाला विचारा: मूल ओपन साइटमध्ये खेळणार की पीप साइटमध्ये? शालेय स्पर्धांत हे दोन वेगळे प्रकार आहेत. ओपन साइट म्हणजे नेम धरायला मागे खाच, पुढे माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा. त्यासाठी साधी देशी स्प्रिंग रायफल चालते आणि खर्च हजारांत राहतो. पीप साइटला मागे बारीक छिद्राची डायॉप्टर आणि पुढे नळकांड्यात रिंग लागते. चांगली परदेशी मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफल घ्यायची तर हिशोब लाखांत जातो. खेळायचं पीपमध्ये आणि स्वस्त पडली म्हणून घेतली ओपनची, असं झालं की दोनदा पैसे जातात.

आता मुख्य गोष्ट, माप. बहुतेक खरेदी इथेच फसते, कारण घरातले ब्रँड आणि मॉडेल बघतात, पोराचा हात कुणी बघत नाही.

रायफल रिकामी आहे हे आधी स्वतः तपासा. मग मुलाला कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि बट प्लेट, म्हणजे दस्त्याचं खांद्याला टेकणारं टोक, कोपराच्या आतल्या वळणात टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर, पेराची मधली गादी, ट्रिगरवर आरामात पोचली पाहिजे. बोट ताणावं लागत असेल तर दस्ता लांब आहे. जाड जॅकेट घातलं की आणखी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जातात, म्हणून सगळ्यात आखूड सेटिंगलाही थोडी जागा उरली पाहिजे. बट प्लेटमागचे स्पेसर, म्हणजे लांबी वाढवणाऱ्या पट्ट्या, काढता येतात का, हे दुकानातच काढून बघा. वाढत्या वयात ते एकेक करून परत घालायचे असतात. ज्युनिअर रायफलचा खरा फायदा तोच.

दस्ता लांब असला तर मूल ते सांगत नाही, जमवून घेतं. मान पुढे काढतं, खांदा मागे नेतं, कंबर मोडून मागे झुकतं. कार्डावर, म्हणजे नेमाच्या कागदावर, त्याचा पुरावा दिसतो: छरे उभ्या रेषेत वरखाली पसरतात. मग सगळे ट्रिगरला दोष देत बसतात.

गालाची पट्टी, म्हणजे चीकपीस, अशी तपासा. मुलाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल सैल सोडून टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. डायॉप्टरच्या छिद्रातून पुढची रिंग समोर दिसली तर उंची बरोबर. मान उचलावी किंवा दाबावी लागली तर पट्टी वरखाली करा. ती हलतच नसेल तर ती रायफल परत ठेवा.

वजनाचा नियम 5.5 किलोचा आहे, पण ती कमाल मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला अडीच ते साडेतीन किलोत बसवा. नुसता काटा बघू नका, तोलही बघा. रायफल एका तळहातावर आडवी तोलून धरा. तोलाचा बिंदू जितका नळीकडे, तितकी ती हाताला जड. तीन किलोची पुढे झुकणारी रायफल साडेतीन किलोच्या समतोल रायफलपेक्षा जास्त दमवते. मग मुलाला उभ्या पोझमध्ये 30 सेकंद धरायला लावा, खाली ठेवून अर्धा मिनिट विश्रांती, असं दहा वेळा. सहाव्या-सातव्या वेळेला डावा खांदा वर चढला किंवा पाठीला जास्तच बाक आला तर ती अजून त्याच्यासाठी नाही. वाढत्या मणक्याशी खेळू नका. अगदी लहान मुलांनी सुरुवातीचे महिने टेबलावर टेकू घेऊनच मारावं. जर्मनीत तर बारा वर्षांखालच्या मुलांना छऱ्याऐवजी प्रकाशकिरण सोडणारी रायफल देतात. फार हलकीही मात्र बरी नाही. ती झटकन थरथरते. हलकी घ्यावी आणि पुढे वजनाच्या चकत्या चढवता येतील अशी घ्यावी.

डोळ्याकडे दुर्लक्ष होतं. मुलाला दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करायला सांगा आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघू द्या. मग एकेक डोळा झाकायचा. ज्या डोळ्याला घड्याळ त्रिकोणातच दिसत राहतं तो हुकमी डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा हुकमी निघाला तर प्रशिक्षकाशी बोलल्याशिवाय खरेदी करू नका. दोन्ही बाजूंना चालणारा दस्ता घेणं शहाणपणाचं.

स्प्रिंग की हवेचं सिलिंडर? स्प्रिंग रायफल स्वस्त आणि स्वावलंबी. पण छरा नळीतून बाहेर पडायच्या आत आतला पिस्टन धाडकन पुढे जातो, त्यामुळे रायफल हलते आणि पकड जराशी बदलली तरी छरा सरकतो. नळी मोडून ताणायची रायफल सराव आणि मॅच धरून 60-70 वेळा ताणायला लहान मुलाचा दंड पुरत नाही. मोठ्याने ताणून द्यावी लागते. छरा घालेपर्यंत दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची. सुटली तर बोटं चेचतात. शिवाय बिनछऱ्याचा ट्रिगर ओढला तर पिस्टनपुढे अडवणारं काही नसतं आणि स्प्रिंग-सील लवकर खराब होतात. म्हणजे घरी ड्राय सराव, छऱ्याशिवाय नेम धरून ट्रिगर ओढण्याचा, बंद.

सिलिंडरच्या, म्हणजे पीसीपी रायफलला हिसका जवळजवळ नसतो आणि ड्राय फायरची सोय असते. रोज घरी वीस मिनिटं भिंतीवरच्या ठिपक्यावर ड्राय सराव करणारं मूल आठवड्यातून एकदा रेंजवर जाणाऱ्याच्या पुढे निघून जातं, म्हणून झेपत असेल तर पीसीपीच घ्या. सिलिंडर साधारण 200 बार दाबाला भरतात. ते कुठे भरून मिळेल हे खरेदीआधी विचारा. हातपंपाने भरता येतं, पण कोकण-मुंबईच्या दमट हवेत पंपाबरोबर पाणीही आत जातं; ओलावा टिपणारा फिल्टर लावल्याशिवाय भरू नका.

जुनी रायफल घेताना सगळ्यात आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. वापराची मुदत साधारण दहा वर्षं असते आणि मुदत संपलेलं सिलिंडर वापरायचं नाही. नवं सिलिंडर धरून भाव करा. दाब दाखवणाऱ्या गेजचा आकडा लिहून रायफल रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरला असेल तर सील गेलेत. मग टेकू देऊन एकाच डबीतले पाच छरे मारा. चांगल्या मॅच रायफलची पाचही छिद्रं मिळून एकच भोक होतं, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत सात-आठ मिलिमीटरचं. छिद्रं विखुरली तर आधी छरा बदला: चपट्या डोक्याचे, 4.49, 4.50 आणि 4.51 मिलिमीटर मापाचे आलटून पालटून. तरीही विखुरत असतील तर नळीच्या तोंडावर ओरखडा आहे का, भिंगातून बघा.

पुढची रिंग मोठी ठेवा. कार्डाचा काळा गोल 30.5 मिलिमीटरचा, दहा मीटरवरून पुढच्या साइटच्या जागी तो पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास दिसतो. नवशिक्याला 4 मिलिमीटरच्या पुढची रिंग द्या, म्हणजे काळ्याभोवती पांढरी कड भरपूर राहते. रिंग घट्ट असली की मूल गोल नेमका मधे आणायला धडपडतं, श्वास कोंडतं आणि ट्रिगर झटकतं. ट्रिगर दोन टप्प्यांचा, वजन बदलता येणारा हवा. मोठे नेमबाज शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात म्हणून मुलाचा तितका हलका करू नका. बोट टेकताच सुटणारा ट्रिगर त्याला दचकायला शिकवतो.

रायफलबरोबरच भडक रंगाची सेफ्टी दोरी घ्या. ती नळीतून आरपार जाऊन दोन्हीकडून दिसली पाहिजे. घरी रायफल कुलपात, छरे वेगळ्या कपाटात आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडे. छरे शिशाचे असतात, सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही. पावसाळ्यात रायफल ओल्या फोमच्या पेटीत बंद ठेवली की आठवड्यात गंज दिसतो; घरी येताच पेटी उघडी ठेवा, लोखंडी भाग तेलाच्या फडक्याने पुसा. बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र पेटीतच राहू द्या, एसटीत किंवा लोकलमध्ये कुणी विचारलं तर लगेच दाखवता येतं.