एचबीए१सी हलत नसेल तर आधी पोट चाचपा
टाइप १ मधुमेहात जेवण, डोस सगळं वेळेवर असूनही एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) खाली येत नसेल, तर इन्सुलिन वाढवण्याआधी टोचायच्या जागा तपासा. बोटांना साबणाचं पाणी लावून पोट, मांड्या चाचपा. रबरासारखी गाठ लागली तर भोवती पेनने खूण करा. तिथे इन्सुलिन कधी उशिरा, कधी अर्धवट शोषलं जातं. गाठीत टोचलं की दुखत नाही, म्हणून हात नेमका तिकडेच जातो! तिला काही महिने सुट्टी द्या. दर वेळी किमान १ सेंमी सरका, सुई नवी घ्या, इन्सुलिन पेनचं बटण दाबून १० सेकंद थांबा.

सावधान: चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो, साखर झपकन उतरते. डोस किती घटवायचा ते डॉक्टरांशी आधीच ठरवा. सुरुवातीला रात्री ३ वाजताही साखर मोजा.