हेक्सबिनच्या आलेखात क्लिपिंग कुठे लावावे

आर भाषेतील हेक्सबिन पॅकेज बिंदू षट्कोनी खणांत मोजून दाखवते आणि आपले आलेख ग्रिड या आरमधील चित्रप्रणालीने काढते. त्यामुळे तयार आलेखावर सवयीने एबलाइन ही सरळ रेषा काढणारी आज्ञा चालवली, तर रेषा जागेवर पडत नाही, कारण त्या आज्ञेला ग्रिडच्या व्ह्यूपोर्टची, म्हणजे आलेख ज्या आयताकृती चौकटीत काढला जातो तिची, ओळखच नसते. प्लॉटचे फलित एखाद्या नावात साठवून ठेवले, की त्यातील प्लॉट.व्हीपी हा घटक हेक्सव्हीपी.एबलाइन या आज्ञेला देता येतो आणि काम भागते.

क्लिपिंग म्हणजे व्ह्यूपोर्टबाहेर जाणारा भाग कापणे. ते का जपून वापरावे, हे जीजीप्लॉट२ या आरमधील पॅकेजातील डायमंड्स या ५३,९४० हिऱ्यांच्या माहितीसंचावर चांगले दिसते. आडव्या अक्षावर कॅरेट आणि उभ्या अक्षावर किंमत घेतली, तर पहिल्या षट्कोनाचे केंद्र बरोबर ०.२ कॅरेट आणि ३२६ डॉलर या कोपऱ्यावर येते. व्ह्यूपोर्टच्या मर्यादा माहितीच्याच किमान-कमाल मूल्यांवर ठेवून क्लिप "ऑन" केले, तर त्या षट्कोनाचा तीन-चतुर्थांश भाग कापला जातो, आणि स्वस्त, लहान हिऱ्यांची ती दाटी पाहणाऱ्याला किरकोळ वाटते. शिवाय अक्षांवरील खुणा व आकडे व्ह्यूपोर्टच्या बाहेर काढले जात असल्यामुळे तेही नाहीसे होतात.

म्हणून एकाच जागी, एकाच मापाचे दोन व्ह्यूपोर्ट वापरावेत. पॅकेजने स्वतःही हेक्सव्हीपी.ऑफ आणि हेक्सव्हीपी.ऑन अशी जोडी याचसाठी ठेवली आहे. व्ह्यूपोर्टमध्ये शिरणाऱ्या पुशहेक्सपोर्ट या आज्ञेला क्लिप "ऑफ" देऊन षट्कोन व अक्ष काढावेत, अपव्ह्यूपोर्टने त्यातून बाहेर, वर यावे, आणि मग क्लिप "ऑन" देऊन चौकटीबाहेर धावू शकणाऱ्या रेषा काढाव्यात. वर यायचे विसरल्यास पुढचा व्ह्यूपोर्ट आधीच्याच्या पोटात जातो आणि आलेख आक्रसतो. ही चूक सर्वांत जास्त वेळ खाते.

आलेखाचा एखादा भाग मोठा करून पाहताना मात्र षट्कोनांनाही क्लिपिंग हवेच. हेक्सबिनला दिलेल्या एक्सबाउंड्समध्ये, म्हणजे आडव्या अक्षाच्या मर्यादांमध्ये, सगळी माहिती मावावी लागते, अन्यथा आज्ञा त्रुटी देऊन थांबते. आणि माहिती छाटून पुन्हा मोजणी केली, तर षट्कोनांची जाळीच बदलते. त्यापेक्षा मोजणी पूर्ण माहितीवर करावी आणि व्ह्यूपोर्टच्या दोन्ही मर्यादा सारख्याच प्रमाणात आवळाव्यात, म्हणजे दोन्ही अक्षांचा निम्मा पल्ला ठेवायचा असेल, तर कॅरेट साधारण २.६ पर्यंत घेतल्यास किंमत साधारण ९,५७५ पर्यंत घ्यावी. एकच अक्ष आवळला, तर षट्कोन ताणले जातात.