किडनीचा रिपोर्ट हातात आला की काय काय बघायचं

आईला डायबेटिस आहे, वय ६५, दरवर्षी रक्त तपासतो आणि दरवर्षी क्रिएटिनिन १.१ च्या आसपास. लॅबच्या कागदावर बायकांसाठी रेंज छापलेली ०.६ ते १.१, म्हणजे आकडा रेंजमध्ये, बाजूला स्टार नाही, बाण नाही, म्हणून आम्ही कागद फाईलला लावायचो आणि विषय संपायचा. मग एका नवीन डॉक्टरांनी कागद बघून पहिलं वय विचारलं, मोबाईलवर काहीतरी टाकलं आणि म्हणाले की किडनीचं काम ५६ वर आलंय. मला धक्काच बसला, कारण आकडा तर तोच होता. तेव्हापासून हा रिपोर्ट नीट वाचायला शिकले, ते सगळं इथे लिहितेय.

आधी किडनी करते काय ते थोडं समजून घ्या, नाहीतर आकडे नुसते आकडेच राहतात. आपल्याला वाटतं किडनी रक्तातला कचरा वेचून बाहेर टाकते. तसं नाहीये. दिवाळीआधी आपण माळा आवरतो तेव्हा कसं, सगळं सामान खाली काढायचं, लागेल तेवढं परत वर ठेवायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं, अगदी तशी तिची पद्धत आहे. एकेका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणीचे बारीक बारीक घटक असतात, प्रत्येकाच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ, त्यातून पाणी, मीठ, साखर, युरिया सगळं गाळलं जातं, फक्त रक्तपेशी आणि मोठी प्रोटीन्स आत राहतात. असं दिवसाला जवळपास १८० लिटर गाळलं जातं! आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं पुढच्या नळ्या परत रक्तात ओढून घेतात, साखर तर नॉर्मल माणसात जवळजवळ पूर्ण परत येते, पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की नळ्यांना ती झेपत नाही आणि लघवीत उतरते, मग ती आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते, म्हणून शुगर वाढली की सारखं लघवीला होतं आणि तहान लागते.

आता रिपोर्ट. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ, किडनी कमी गाळायला लागली की तो रक्तात साठतो. पण स्नायू कमी असतील तर मुळात तयारच कमी होतो, म्हणून बारीक, वयस्कर बाईचा १.१ आणि जिमला जाणाऱ्या पोराचा १.१ हे एक नाहीत. २५ वर्षांच्या मुलाचा १.१ असेल तर गाळण्याचा वेग ९५ च्या आसपास येतो आणि ६५ च्या बाईचा येतो ५६. म्हणून कागदावर ईजीएफआर, म्हणजे हाच गाळण्याचा वेग, लिहिलंय का ते आधी बघा, नसेल तर लॅबला विचारा, किंवा सीकेडी-ईपीआय २०२१ नावाचं सूत्र आहे, त्याचा कॅल्क्युलेटर नेटवर मिळतो, त्यात वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन टाकलं की झालं.

९० च्या वर म्हणजे वेग चांगला, ६० च्या खाली असेल तर लक्ष घालायचं, १५ च्या खाली म्हणजे किडनी फेल्युअर. पण एका रिपोर्टवर घाबरून जाऊ नका. जुलाब-उलट्या झाल्या, आदल्या दिवशी भरपूर मटण खाल्लं, पाणी कमी गेलं तरी आकडा हलतो. ६० च्या खाली निदान तीन महिने राहिला तरच त्याला जुना किडनीचा आजार म्हणतात, म्हणून परत तपासायचं आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे शेजारी ठेवून बघायचं, उतार किती आहे ते त्यातून कळतं. मात्र लघवी एकदम कमी झाली, अंगावर सूज आली किंवा दम लागला तर तीन महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

युरियावरून गोंधळ होतो तो वेगळाच. युरिया हाही किडनीतून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ, काही लॅब तो पूर्ण छापतात, काही बीयूएन, म्हणजे त्यातला फक्त नायट्रोजन, आणि युरियाचा आकडा बीयूएनच्या दुपटीहून थोडा जास्त असतो, त्यामुळे लॅब बदलली की दुप्पट झालं असं वाटू शकतं. नाव नीट वाचा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्ही कधी केलंच नव्हतं, ती म्हणजे लघवीची एसीआर टेस्ट, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन क्रिएटिनिनच्या मानाने किती ते बघणारी. नेफ्रॉनच्या तोंडाशी असलेला तो गुच्छ म्हणजे किडनीची चाळणी, ती खराब व्हायला लागली की अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत गळायला लागतं, आणि डायबेटिसमध्ये हे बरेचदा क्रिएटिनिन वाढायच्या आधी दिसतं. सकाळची पहिली लघवी द्यायची, सुरुवातीची थोडी सोडून मधली धरायची, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तर आठवडाभर थांबून मग द्यायची. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालीय, ३०० च्या वर म्हणजे जास्त. डायबेटिस किंवा बीपी असलेल्यांनी ही टेस्ट वर्षातून एकदा मागून घ्याच, बऱ्याच पॅकेजमध्ये ती नसते.

पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये हवं. किडनी कमी झाली की ते साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून अशा माणसाला शहाळं, केळी द्यायच्या आधी विचारा. बाजारातलं लो सोडियम मीठ तर आम्ही घरातून काढूनच टाकलं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि आई टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी घेते, त्यानेही पोटॅशियम वाढतं. ती गोळी मात्र मनाने बंद करायची नाही हं, ती चाळणीवरचा दाब कमी करते, सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातं ते डॉक्टरांना माहीत असतं.

पाण्याबद्दल सगळे सांगतात की खूप प्या, किडनी साफ होते. खरं तर पाणी कमी पडलं की मेंदूतून एडीएच नावाचं हार्मोन सुटतं, नळ्या जास्त पाणी परत ओढतात आणि लघवी गडद होते, पाणी जास्त झालं की उलट, हा हिशोब निरोगी किडनी स्वतःच ठेवते. तहानेप्रमाणे प्या, उन्हाळ्यात जास्त प्या, पण पायाला सूज असेल किंवा हार्टचा त्रास असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. मिठाचं मात्र सगळ्यांनी बघा, मीठ जिथे राहतं तिथे पाणी थांबतं आणि बीपी चढतं, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम एक चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं.

शेवटचं, गुडघेदुखीच्या गोळ्या. आई मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून महिनोन्महिने घ्यायची आणि आम्हाला ते औषध वाटायचंच नाही, म्हणून डॉक्टरांना कधी सांगितलंही नाही. या गोळ्यांनी गुच्छाकडे रक्त नेणारी वाहिनी आवळते आणि गाळणं कमी होतं. रिपोर्ट दाखवायला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, दुखण्याच्या, आयुर्वेदिक, शेजारच्यांनी दिलेल्या, सगळ्या.