रस्ता आधी, ठिकाण नंतर : कोल्हापुरातून एका दिवसाची गाडीसहल कशी आखावी

रविवारी गाडी काढायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "कुठं जायचं?" उत्तरं ठरलेली. पन्हाळा, जोतिबा, नाहीतर आंबोली. ठिकाण ठरलं की मोबाईल दाखवेल तो रस्ता, आणि वाटेत थांबायचं ते पेट्रोल आणि मिसळीपुरतं. निम्मा दिवस गाडी लावायला जागा शोधण्यात जातो.

हा प्रश्नच बाजूला ठेवा. कोल्हापूरच्या एका बाजूला सह्याद्रीचे घाट आणि दुसऱ्या बाजूला कृष्णा-पंचगंगेचा सपाट काळा मुलूख. अशा गावातून निघताना रस्ता हीच सहल मानली, तर ठिकाण आपोआप सापडतं. ते कसं करायचं, ते पायरी-पायरीनं बघू.

१. आधी दिशा, आणि दिशेसाठी सूर्य

कोल्हापुरातून बघण्यासारखे बहुतेक रस्ते पश्चिमेला जातात. आंबा घाट, गगनबावडा, राधानगरी-दाजीपूर, सगळे तिकडचेच. याचा एक फायदा फारसा कुणी मोजत नाही. सकाळी पश्चिमेला निघालं की ऊन पाठीवर येतं आणि संध्याकाळी परतताना पुन्हा पाठीवरच. डोंगर दोन्ही वेळा स्वच्छ दिसतात, चालवणाऱ्याचे डोळे दुखत नाहीत.

पूर्वेला, म्हणजे नृसिंहवाडी-खिद्रापूरकडे, हेच उलटं होतं. सकाळी आठला निघालात तर सूर्य थेट काचेत आणि संध्याकाळी परतताना पुन्हा काचेत. म्हणून पूर्वेची सहल नाश्ता करून, नऊ-दहाला निघण्याची. खिद्रापूरला तर दुपारीच पोहोचावं. कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला मध्यभागी छतच नाही, वर गोल मोकळं आकाश आहे. दुपारी त्या गोलातून ऊन खाली दगडी वर्तुळात उतरतं आणि भोवतीचे नक्षीदार खांब एकेक करून उजळतात. ४८ खांबांचा हा मंडप सकाळच्या तिरप्या उन्हात बघितला तर अर्धा अंधारातच राहतो. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणानं या देवळाचा जीर्णोद्धार केल्याचा शिलालेख तिथं आहे. बाहेरच्या भिंतीखाली देऊळ पाठीवर घेतल्यासारखे हत्ती आहेत, त्यांना एक फेरी मारल्याशिवाय निघू नका.

दक्षिणेच्या गारगोटी-पाटगाव किंवा आजरा रस्त्यांना सूर्याचा असा त्रास नाही. निघायला उशीर झाला तर तिकडे वळा.

२. मग महिना, म्हणजे पाणी आणि ऊस

जून ते सप्टेंबर कोल्हापूरकर पेपरात आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पातळी चाळिशीकडे निघाली असेल तर गगनबावडा रस्त्याचा विचार सोडा, कारण मांडुकलीजवळ पाणी रस्त्यावर येतं आणि तुम्ही पलीकडे अडकता. त्या दिवसांत नृसिंहवाडीलाही कृष्णा देवळात आलेली असते. पुराचं पाणी देवळाच्या दक्षिण दारातून बाहेर पडतं, तो दक्षिणद्वाराचा सोहळा बघायला जायचं तर ती वेगळी गोष्ट, पण त्याला सहल म्हणू नका.

पावसाळ्यात मोबाईलच्या नकाशावर एका बाबतीत अजिबात भरवसा ठेवू नका. आपल्या नद्यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांच्यावरून अरुंद रस्ता जातो आणि नकाशाला तो साधा पूल वाटतो. पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले तरी पाणी वाढलं की अख्खा बंधारा बुडतो. "सात मिनिटं वाचतील" म्हणून नकाशा तुम्हाला नेमका तिथं नेऊन उभा करतो. जवळच्या टपरीवर "बंधारा खुला हाय का?" एवढं विचारलं की काम होतं.

नोव्हेंबर ते मार्च हवा सुरेख असते, पण हाच साखर कारखान्यांचा हंगाम. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर दीड पुरुष उंच ऊस, आणि मागचा दिवा असलाच तर नशीब. दिवसा त्यांच्यामागं निमूट चालावं, वळणावर ओव्हरटेक करू नये. अंधारात या रस्त्यांवर फिरूच नये, कारण एखादी बंद पडलेली ट्रॉली चाकाला दगडाची उटी लावून तशीच उभी असते. त्यामुळे हंगामात सगळं वेळापत्रक दीड तास अलीकडे ओढा.

सगळ्यात चांगला काळ पाऊस उघडल्यावरचा, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा. धरणं भरलेली, डोंगर हिरवे, आणि कारखाने अजून पेटायचे असतात.

३. थांबे तीन, फार तर चार, आणि एकासारखा दुसरा नको

इथंच बहुतेकांचं गणित बिघडतं. यादी मोठी करतात आणि यादीत चार धबधबे असतात. तिसऱ्या धबधब्याला गाडीतून कुणी उतरत नाही. एक थांबा बघण्याचा, एक खाण्याचा आणि एक माणसं काम करताना दिसतील असा ठेवा. चौथा मोकळा सोडा, तो रस्ता स्वतः दाखवतो.

माणसं काम करताना बघायची तर हंगामात गुऱ्हाळ. धुराची उभी रेघ आणि उकळत्या रसाचा वास आला की गाडी कडेला घ्या, पण आत शिरण्याआधी विचारा. एरवी पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. आत चुलवाणावर मोठी काहील असते, खाली वाळलेल्या चिपाडांचा जाळ. रस उकळायला लागला की भेंडीचं चिकट पाणी घालतात, त्याबरोबर मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहतात. रंग हिरवटाचा पिवळा आणि पिवळ्याचा तांबूस होत जातो. सगळी नजर गुळव्यावर, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरावर असते. तो पाक थोडा घेऊन पाण्यात टाकतो, बोटांत त्याची गोळी वळून बघतो आणि मान हलवतो. मग हे आधण, म्हणजे शिजलेला पाक, वाफ्यात म्हणजे पसरट हौदात ओततात. तिथं ते घोटून निवतं आणि शेवटी कापड घातलेल्या बादल्यांत रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा भरतात. तुम्ही नेमके कधी पोहोचता यावर हातात काय पडतं ते ठरतं. लवकर गेलात तर रस, मधे गेलात तर काकवी, शेवटी गेलात तर बोटं भाजणारा ताजा गूळ. काकवीसाठी झाकणाची बाटली घरून न्या. गूळ विकत घ्यायचा तर फार पिवळाधमक मागू नका, तांबूस घ्या. लहान मुलांचा हात मात्र सोडू नका, काहिलीला कठडा नसतो.

खाण्याच्या थांब्याबद्दल माझं मत थोडं अप्रिय आहे. तांबडा-पांढरा रस्सा परत आल्यावर रात्री. दुपारी मटणाचं ताट रिचवून घाट उतरणं म्हणजे झोपेला आमंत्रण. सकाळी मिसळ चालते, दुपारी घरची शिदोरी. अगदी पहाटे निघत असाल तर गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन निघा. पूर्वेला गेलात तर नृसिंहवाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी सोडण्यात अर्थ नाही, तिथं नियम मोडा.

४. जाताना एक रस्ता, येताना दुसरा

आल्या रस्त्यानं परतणं म्हणजे अर्धा दिवस वाया. नकाशावर गोल बसतो का ते बघा. आपल्याकडचा सगळ्यात देखणा गोल असा आहे : कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून कोकण, वैभववाडी, करूळ घाट चढून गगनबावडा, आणि परत कोल्हापूर. सगळं मिळून साधारण २०० किलोमीटर. आकडा लहान वाटतो, पण दोन घाट आहेत, तेव्हा पूर्ण दिवस धरा.

सकाळी साडेसहाला रंकाळ्यावरून निघा. पुईखडी ओलांडली की भोगावतीचं खोरं सुरू होतं आणि परितेपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. राधानगरीला पहिला थांबा. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतलेलं हे धरण. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी कळ दाबत नाही. पावसाळ्यात धरण भरलं की "किती दरवाजे उघडले?" यावर जिल्हाभर चर्चा असते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जलाशयातली महाराजांच्या काळची बेनझीर व्हिला ही पडकी इमारत उघडी पडते. पावसात जवळचा राऊतवाडी धबधबा आहेच, पण रविवारी तिथं जत्रा असते.

पुढं दाजीपूर. १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालेलं हे जंगल आज राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. आत सफारीला जायचं तर ती स्वतंत्र सहल ठेवा, पावसाळ्यात जंगल बंदही असतं. या गोलात फक्त कडेच्या रस्त्यानं सावकाश जायचं. गवा रस्त्यावर आला तर गाडी लांब थांबवा, हॉर्न वाजवू नका, खाली उतरू नका. तो जाईल तेव्हा जाईल.

फोंडा घाट उतरताना गिअर खालचा ठेवा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली की ते तापतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. फोटोसाठी वळणावर गाडी लावू नका, कठड्याजवळ रुंद जागा येतेच. खाली हवा एकदम दमट होते, काजू-आंब्याची झाडं दिसायला लागतात. फोंड्यातून वैभववाडीचा रस्ता धरा. वाट वाकडी करायची तयारी असेल तर नापणे धबधबा याच तालुक्यात आहे.

करूळ घाट मात्र निघण्याआधी चालू आहे का ते विचारा. रस्त्याच्या कामासाठी तो महिनोन्‌महिने बंद राहिलेला आहे. बंद असेल तर भुईबावडा घाट, तोही गगनबावड्यातच निघतो. अरुंद आहे, पण मला तरी जास्त आवडतो. चढताना दुपारचं ऊन पाठीवर, वरती आलं की मागं सगळं कोकण.

गगनबावडा म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा तालुका. भर उन्हाळा सोडला तर धुकं कधीही उतरतं. तेव्हा दिवे डिपर करा, कारण वरच्या उजेडात धुकं पांढरं होऊन काहीच दिसत नाही. गगनगडावर जायला वेळ उरला नसेल तर वाटेतलं पळसंबे गाठा. ओढ्यात, झाडांच्या गर्द सावलीत अखंड दगडात कोरलेलं रामलिंगाचं स्थान आहे. दिवसभर गाडीत बसून आखडलेले पाय तिथल्या पाण्यात मोकळे होतात.

पूर्वेचा गोल सोपा आहे. हातकणंगले, बाहुबली, नृसिंहवाडी, कुरुंदवाडवरून सैनिक टाकळी, खिद्रापूर, आणि परतताना इचलकरंजीवरून. घाट नाही, वयस्कर माणसं बरोबर असतील तर हाच निवडा.

५. दुपारी दोनला एकदा हिशोब

टाकी कोल्हापुरातच भरा, नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवा कारण घाटात रेंज जाते, आणि कुठल्या रस्त्यानं परतणार ते घरी सांगा. यापलीकडे फार तयारी लागत नाही. लागतो तो मधेच रस्ता बदलायचा निश्चय. मोठ्या गोलात दोन वाजेपर्यंत फोंडा घाट उतरून झाला नसेल, तर उतरूच नका. राधानगरीला मागं या आणि तिथून सरवडेवरून मुदाळतिट्टा गाठा. पुढं बिद्रीवरून गारगोटी रस्त्यानं कोल्हापूर. हा छोटा गोलही छानच आहे. मुदाळतिट्ट्याला चहा घेऊन निघालात तर ट्रॉल्यांची गर्दी वाढायच्या आत कळंब्याला लागता.