वाचनाची घडी घरात कशी बसवावी

नोकरी, प्रवास, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास यांतून वाचायला वेळच उरत नाही, अशी तक्रार पुस्तकांवर मनापासून प्रेम करणारी माणसेही करतात. ती खरी असते, परंतु जी माणसे रोज वाचतात त्यांचा दिवसही चोवीस तासांचाच असतो. त्यांच्या घरी पुस्तक उठून शोधावे लागत नाही, बसायची जागा ठरलेली असते आणि हातातले पुस्तक संपल्यावर पुढचे कुठून आणायचे हे आधीच ठाऊक असते. निश्चयापेक्षा ही व्यवस्थाच वाचन टिकवते आणि ती थोड्या खटपटीने कोणालाही करता येते.

वाचनाची वेळ घड्याळाच्या काट्यावर ठरवू नये, कारण ती पहिल्या आठवड्यातच चुकते. त्यापेक्षा ती रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला जोडून द्यावी. सकाळचा चहा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतची फुरसत, मुले शिकवणीला गेल्यानंतरचा तास किंवा अंथरुणावर पडल्यानंतरची पहिली वीस मिनिटे यांपैकी जे आपल्या घरात बसेल ते घ्यावे. कल्याणहून मुंबईला रोज लोकलने जाणाऱ्याला एका बाजूचा तासभर मिळतो. मात्र तिथे चौथ्या सीटवर अर्धे टेकून किंवा उभ्याने वाचायचे असल्यामुळे एका हातात मावेल असे हलके, कागदी बांधणीचे पुस्तकच पिशवीत असावे. रोज वीस पाने म्हटली तरी महिन्याला सहाशे पाने होतात, म्हणजे दोनशे पानांच्या तीन कादंबऱ्या. एवढ्या हिशेबापलीकडे पानांची मोजदाद करू नये, आणि वर्षाला किती पुस्तके झाली याची स्पर्धा तर मुळीच लावू नये, कारण अशा स्पर्धेत माणूस नकळत बारीक पुस्तके निवडू लागतो.

एका वेळी दोन पुस्तके चालू ठेवण्यात काहीही गैर नाही, फक्त ती वेगळ्या जातीची असावीत. प्रवासाला कथा किंवा ललित लेख बरे, कारण स्टेशन आले की थांबता येते. रात्रीला कादंबरी आणि रविवारच्या दुपारी चरित्र किंवा इतिहासाचा जाड ग्रंथ असे साधारण जमते. पन्नास पाने वाचूनही मन रमले नाही तर पुस्तक खुशाल मिटावे. घेतले म्हणून शेवटपर्यंत वाचलेच पाहिजे या हट्टाने कित्येकांचे वाचन महिनोन्‌महिने एकाच पुस्तकात अडकून पडते.

जागेसाठी स्वतंत्र खोली लागत नाही. दोन खोल्यांच्या घरातही खिडकीजवळचा एक कोपरा, भिंतीला टेकवलेला लोड आणि मागे एक दिवा एवढ्यात काम भागते. ज्यांच्याकडे झोपाळा किंवा आजोबांची आरामखुर्ची आहे त्यांच्या भाग्याला तोड नाही. महत्त्वाचा असतो तो प्रकाश. छताच्या मध्यावर असलेल्या ट्यूबलाइटकडे पाठ करून बसले की आपल्याच डोक्याची सावली पानावर पडते आणि डोळे लवकर शिणतात. म्हणून खांद्याच्या मागून, एका बाजूने पानावर पडेल असा सात ते नऊ वॅटचा पिवळसर एलईडी दिवा लावावा, आणि बाकीची खोली अगदी काळोखी ठेवू नये. पडून वाचण्याची सवय असेल तर पोटावर उशी घेऊन तिच्यावर पुस्तक टेकवावे, म्हणजे मान खाली वाकत नाही आणि हातही अवघडत नाहीत. चहाचा कप पुस्तकाच्या शेजारी न ठेवता हातभर दूर तिपाईवर ठेवावा. फोन दुसऱ्या खोलीत असावा. तो उपडा करून जवळ ठेवल्याने काहीही साधत नाही. पावसाळ्यात पायांवर गोधडी घेऊन वाचत बसण्याचे सुख मात्र शिकवावे लागत नाही.

आता पुस्तके आणायची कुठून, हा प्रश्न. ज्याला रोज वाचायचे आहे त्याने सर्वांत आधी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासद व्हावे, असे माझे ठाम मत आहे. विकत घेतलेले पुस्तक कपाटात वर्षभर निवांत पडून राहते. ग्रंथालयाचे पुस्तक ठरलेल्या तारखेला परत करायचे असते आणि ती तारीखच आपल्याला वाचायला बसवते. या बाबतीत महाराष्ट्र नशीबवान आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे; ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर लहान गावांतल्या वाचनालयांनाही शासनमान्यता आणि अनुदान मिळू लागले. पाटीवर ‘शासनमान्य’ आणि पुढे अ, ब, क किंवा ड असा वर्ग लिहिलेला दिसतो तो याच व्यवस्थेतला. सभासद होताना परत मिळणारी अनामत आणि महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरावी लागते. वर्षाची एकदम भरून टाकावी, म्हणजे पैसे वसूल करण्यासाठी तरी पाय तिकडे वळतात.

ग्रंथालयाचा उपयोग करून घेण्याची एक रीत आहे. पुष्कळ ठिकाणी पुस्तके दाखल क्रमांकाने किंवा साहित्यप्रकारानुसार लावलेली असतात, तर काही ठिकाणी दशांश वर्गीकरण असते आणि तिथे मराठी साहित्य ८९१.४६ या आकड्याखाली सापडते. कपाटांपर्यंत जाऊ देत असतील तर उत्तमच. नसतील तर हव्या असलेल्या सात-आठ पुस्तकांची यादी नेहमी खिशात असावी, कारण पहिली चार बहुधा बाहेर गेलेली असतात. देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्या व्यक्तीशी ओळख वाढवावी. कोणते पुस्तक लोक परत करताना हसत परत करतात आणि कोणते न वाचताच आणून देतात, हे तिच्याइतके कोणालाच माहीत नसते. पुस्तक हातात आल्यावर शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी अवश्य पाहावी. निळ्या-जांभळ्या शिक्क्यांची दाट रांग असेल तर पुस्तक वाचकप्रिय आहे हे उघडच आहे. पण पंधरा वर्षांत दोनच शिक्के पडलेले पुस्तकही कधीतरी मुद्दाम आणावे. अशा पुस्तकाच्या समासात एखाद्या जुन्या वाचकाने पेन्सिलीने ‘चूक’, ‘वा!’, ‘हे पटत नाही’ असे लिहून ठेवलेले आढळते आणि मग लेखकाबरोबर त्या अनोळखी माणसाशीही आपला वाद सुरू होतो. स्वतः मात्र ग्रंथालयाच्या पुस्तकात काही लिहू नये.

पुन्हापुन्हा उघडावीशी वाटणारी पुस्तके, कोश आणि कविता एवढे तरी विकत घ्यावे. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत फोर्टमधले पदपथ हे जुन्या ठिकाणांपैकी. प्रकाशकांच्या प्रकाशनपूर्व सवलतींवर लक्ष ठेवल्यास मोठे ग्रंथही परवडतात. जुने पुस्तक घेताना मुखपृष्ठापेक्षा शेवटचे पान आहे की नाही ते आधी पाहावे. परदेशात किंवा मराठी पुस्तके न मिळणाऱ्या गावात राहणाऱ्यांना मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयाचा आधार आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन प्रताधिकारमुक्त होते, त्यामुळे तिथे जुने साहित्य विनामूल्य वाचता येते.

हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक संस्कृत श्लोक लिहीत असत. त्यात पोथी स्वतःच सांगते की मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पुस्तकांच्या निगेविषयी इतक्या थोडक्यात यापेक्षा अधिक कोणी सांगितलेले नाही. नव्या पुठ्ठा बांधणीचे पुस्तक मधूनच उघडून दाबू नये. ते टेबलावर कण्यावर उभे धरावे, पुढची काही पाने आणि मागची काही पाने आळीपाळीने खाली सोडून हलक्या बोटाने दाबत मध्यापर्यंत यावे, म्हणजे शिवण एकाच जागी ताणली जात नाही. पान दुमडण्याऐवजी बसचे तिकीट किंवा कागदाची पट्टी ठेवावी. ताजे फूल ठेवू नये, त्याचा ओलावा आणि डाग कागदात उतरतो.

महाराष्ट्रात पुस्तकांचा खरा शत्रू पावसाळा आहे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जिथे या दिवसांत हवेतील आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांवर जाते. ती ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरू लागते आणि ओल आवडणारी कसरही वाढते. म्हणून जून उजाडण्यापूर्वीच कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढून घ्यावे, सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवावा आणि पुस्तके इतकी ठासून भरू नयेत की एक काढताना शेजारचे दोन बाहेर यावेत. उघडीप असेल त्या दिवशी कपाटाची दारे तासभर उघडी टाकावीत. वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे कपड्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवण्याची जुनी चाल चांगली आहे, पण त्याने कीड दूर राहण्यास मदत होते, लागलेली कीड मरत नाही. शिवाय पाला कडकडीत वाळलेला नसेल तर आपणच ओल आत नेऊन ठेवतो. डांबरगोळ्यांचा वास घरातल्यांना, विशेषतः लहान मुलांना अपायकारक असतो, तेव्हा त्या टाळलेल्या बऱ्या. पानांना बारीक गोल भोके पडून खाली भुसा सांडत असेल तर ते पुस्तक लगेच वेगळे काढावे, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावे आणि बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा पानांवर दव धरते. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे, आणि तिथे घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

पुस्तक भिजलेच तर उन्हात टाकण्याचा मोह आवरावा. उन्हात पाने वेडीवाकडी होतात आणि कागद पिवळा पडतो. दर दहा-पंधरा पानांमध्ये टिपकागद किंवा साधा पांढरा कागदी रुमाल घालावा, पुस्तक किंचित उघडे उभे करून पंख्याखाली ठेवावे, कागद ओले झाले की बदलावेत, आणि पाने जवळजवळ कोरडी झाल्यावर त्यावर दोन जड ग्रंथ ठेवून रात्रभर दाबावे. गुळगुळीत कागदाची पाने मात्र ओली असतानाच एकमेकांपासून सोडवून घ्यावी लागतात; वाळल्यावर ती चिकटतात आणि मग फाटल्याशिवाय सुटत नाहीत. आश्विन लागून हवा कोरडी झाली की सगळी पुस्तके एकदा बाहेर काढावीत, सावलीत वारा द्यावा, मऊ कोरड्या कापडाने पुसावीत. बुरशी असेल तर हे काम तोंडाला रुमाल बांधून गच्चीत करावे.

नेमके याच सुमारास दिवाळी अंक येऊ लागतात. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही मराठी वाचकाची वार्षिक मेजवानी आहे. परंतु शेकडो अंकांतून फराळाच्या ताटासारखे सगळेच थोडेथोडे चाखू गेले की एकही नीट वाचून होत नाही. दोन किंवा तीन अंक विकत घ्यावेत आणि बाकीच्यांसाठी ग्रंथालयाची दिवाळी अंक योजना घ्यावी. थोड्या शुल्कात पुढचे काही महिने अंक बदलून मिळत राहतात. अंक हाती आल्यावर अनुक्रमणिकेत पेन्सिलीने खुणा करून दीर्घ लेख आधी वाचावेत. कविता आणि व्यंगचित्रे जाता-येता होतात, राशिभविष्य तर घरातले कोणीतरी आधीच वाचून सांगते.

एक साधी दोनशे पानी वही करावी. तिच्यात पुस्तकाचे नाव, वाचून झाल्याचा महिना आणि दोन-तीन ओळी एवढेच लिहावे. परीक्षण लिहायला घेतले की वही पुढच्या महिन्यात बंद पडते. त्याच वहीच्या मागच्या पानांवर उसने दिलेल्या पुस्तकांची नोंद ठेवावी: कोणाला, कोणते, कधी. पोथीतल्या श्लोकाचा चौथा उपदेश इथे आठवावा, मात्र तो फार कडक पाळू नये, नाहीतर पुस्तकांवर बोलायला घरी कोणी यायचे नाही. दोन महिन्यांनी ‘कसे वाटले पुस्तक?’ असे विचारले की मागितल्यासारखे न होता आठवण दिली जाते. जी पुस्तके पुन्हा उघडणार नाही असे आपल्यालाच ठाऊक आहे, ती वाचनालयाला देण्यापूर्वी तिथे यादी दाखवून विचारून घ्यावे, कारण जागेअभावी अनेक वाचनालये जुनी पाठ्यपुस्तके आणि मासिके घेत नाहीत. त्यांनी नको म्हटलेली पुस्तके सोसायटीच्या जिन्याखाली एका फळीवर ‘घेऊन जा, परत करू नका’ अशी चिठ्ठी लावून ठेवली तरी चालतात.