रॅट रॉड बनवताय? गंज ठेवा, पण या चुका टाळा

दरवर्षी एप्रिलमध्ये इकडे मिशिगनला बर्फ वितळला की कोणीतरी नवीन पोरगा ट्रेलरवर गंजकी गाडी टाकून माझ्या गॅरेजपाशी येतो, आणि दरवेळी चुका त्याच. म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

गंज मला स्वतःला प्रचंड आवडतो, हे आधीच सांगतो. १९४० च्या दशकात युद्धावरून परतलेली कॅलिफोर्नियातली पोरं जुनी स्वस्त फोर्ड घ्यायची, वजन कमी करायला मडगार्ड काढून टाकायची, मिळेल ते इंजिन बसवायची आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर पळवायची, त्या गाड्या म्हणजे हॉट रॉड. सगळा पैसा इंजिनात जायचा, रंगाला उरायचाच नाही. पुढे हॉट रॉड म्हणजे क्रोम आणि आरशासारखा रंग असं झालं, लाखाच्या गाड्या शोमध्ये दोरीच्या पलीकडे उभ्या राहिल्या. त्याचा वैताग येऊन १९९० नंतर लोक परत गंजक्या पत्र्याकडे वळले, त्या गाड्या म्हणजे रॅट रॉड. ऐंशी-नव्वद वर्षं उन्हापावसात उभ्या राहिलेल्या पत्र्यावर जो रंग चढतो, तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पण गंज कातडीवर पाहिजे, हाडात नाही. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ॲरिझोनाच्या वाळवंटातली गाडी वरून तपकिरी दिसते पण पत्रा आत धडधाकट असतो, कारण तिकडे ओल नाही. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, सांध्यात जाऊन बसतं आणि आतून खातं. फोटोत दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगा, नागपूरचा, इथे एमएस करून नोकरीला लागलेला, "काका, तयार रॅट रॉड घेतलीये, फक्त एकदा बघून द्या" म्हणत आला. १९३० ची फोर्ड मॉडेल ए, आत शेवरलेचं ३५० व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन. दिसायला झकास. मी खाली झोपलो, चासीवर जाड काळा रंग फासलेला, तेव्हाच शंका आली. स्टिअरिंग बॉक्स बसवलाय तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून थोडा जोर दिला तर तो रंगासकट आरपार. त्याच जागेच्या भरवशावर हा पोरगा आदल्या दिवशी हायवेने ७० मैलांच्या स्पीडने आलेला, शेजारी बायको. मला तिथेच घाम फुटला. त्या चासीचं मूळ इंजिन ४० हॉर्सपॉवरचं होतं, तिच्यावर कितीतरी पट ताकदीचं इंजिन ठेवलेलं, चासी आतून पत्रा लावून बंद केलेली नाही, इंग्रजी सी सारखी उघडीच. गाडी ट्रेलरवर घालून परत पाठवली, त्याला चालवू दिली नाही. शेवटी चौकोनी पाइपची नवी चासी बनवली, आठ महिने गेले, बॉडीला मात्र हात लावला नाही.

तेव्हा घेताना मडकं वाजवून घेतात तसा पत्रा वाजवून घ्या. छोट्या हातोडीने टण्ण वाजला तर घ्या, धप् वाजला तर गंज आत गेलाय. चासी, फ्लोअर, दाराचे बिजागर, सीटबेल्टचे बोल्ट जिथे येतात ती जागा, इथे गंज शोभेला ठेवायचा नाही. कापा आणि नवीन लोखंड लावा. वरून रंग मारून झाकणाऱ्या माणसाबद्दल माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही.

दुसरी चूक म्हणजे घाई. गंज चढायला वर्षं लागतात, यांना तो रविवारी संध्याकाळपर्यंत पाहिजे. मग व्हिनेगर, मीठ, हायड्रोजन पेरॉक्साइड फवारतात. रंग येतो, नाही असं नाही, पण मीठ पत्र्याच्या छिद्रांत राहतं, वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, मारला की ते आतमध्ये काम चालूच ठेवतं आणि एका हिवाळ्यात क्लिअरचे पापुद्रे सुटतात. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच तर अजिबात घालू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद गॅरेजमध्ये जीव जाईल.

माझी पद्धत साधी आहे. सुटा गंज हाताने घासायचा, भरपूर पाण्याने धुवायचं, दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्यायचं, मग बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे लवकर वाळेल असं केलेलं जवसाचं तेल, निम्मं थिनर घालून फडक्याने पातळ चोळायचं. वर्षाने परत. हे काही कायमचं नाही, पण त्या पत्र्याला हात लावायला मला आवडतं. फक्त ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तेल वाळताना तापतं आणि ढिगाला आपोआप आग लागते. बाहेर सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

बाकीचं थोडक्यात. गाडी जमिनीला टेकवायची हौस सगळ्यांना असते, पण चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली काहीही लोंबू देऊ नका. टायर फुटला तर ती वस्तू रस्त्यावर घासणार. मी दोन रिमच्या खालच्या कडांना दोरी ताणून बघतो, दोन मिनिटांचं काम.

मॉडेल ए चे मूळ ब्रेक रॉडने ओढायचे, फोर्डने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, दिले ते १९३९ मध्ये. व्ही-एट बसवून ते जुने ब्रेक ठेवणारे लोक मी बघितलेत. ठेवू नका. ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असेल तर नळीत थोडा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो, डिस्क ब्रेकला २ पीएसआय दाबाचा, ड्रम ब्रेकला १० चा.

जुन्या टायरवर "लूक" म्हणून फिरू नका, रबर चिरलेलं असतं. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग करू नका, फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

पुण्या-मुंबईहूनही मेसेज येतात, जुनी ॲम्बॅसेडर कापू का म्हणून. रस्त्यावर चालवायची असेल तर नको, गाडीत मनाला येईल तसे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा.

आणि कधी जुन्या पिकअपचं दार मिळालं, ज्यावर कुठल्यातरी दुकानाचं हाताने रंगवलेलं, अर्धं उडालेलं नाव आहे, तर त्यावर वायर ब्रश फिरवू नका. माझ्यासमोर एकाने फिरवला, मी ओरडेपर्यंत पहिली तीन अक्षरं गेली होती. अशा दाराला कोमट साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स.