शास्त्रातली वंशावळ कशी वाचावी

फुलस्केप कागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसा. पेन नको, पहिल्या अर्ध्या तासात तीनदा तरी खोडावं लागतं. समोर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं ठेवा, त्यातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पाचवा अध्याय.

मी नगर जिल्ह्यात ३१ वर्षं तलाठी होतो. माणूस वारला की घरचे लोक मृत्यूचा दाखला घेऊन चावडीवर यायचे, आणि मी गाव नमुना सहा-क मध्ये वारस लिहून घ्यायचो. कोण मयत, कोण वारस, नातं काय, वय काय. त्यामुळं उपासनेत वंशावळीचा पाठ आला की बाकीचे पानं उलटतात आणि मी सावरून बसतो. माझ्या नातीनं यंदा वर्षभरात शास्त्र वाचून काढायचं ठरवलं होतं. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाशी ती अडली. "आजोबा, इथं नऊ अध्याय नुसती नावंच आहेत. सोडून पुढं जाऊ का?" तिला शेजारी बसवून जे दाखवलं, तेच इथं लिहितो.

वंशावळ कुणी उगीच लिहून काढत नाही. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक वंशावळीमागं काहीतरी अडलेलं असायचं. कुणाला जमीन नावावर करायची असायची, कुणाला जातपडताळणीला कागद जोडायचा असायचा. म्हणून यादी समोर आली की पहिल्यांदा विचारा: ही कुणाला लागली आणि कशापायी?

याचं उत्तर सगळ्यात उघडपणे एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मिळतं. तिथं बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमेला परत आलेल्या यहूदी लोकांची मोजणी चालली आहे, एकूण ४२,३६०. त्यात हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय या तीन घराण्यांतले लोक म्हणतात, आम्ही याजक, म्हणजे मंदिराचे पिढीजात पुरोहित. नोंदी काढल्या. नावं सापडेनात. अधिकाऱ्यानं काय केलं पाहा: त्यांना खोटं ठरवलं नाही आणि मान्यही केलं नाही. उरीम व थुम्मीम, म्हणजे देवाचा कौल घ्यायची साधनं, असलेला याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्न खाऊ नका, असं सांगितलं. आमच्या भाषेत, निकाल राखून ठेवला.

त्यातल्या बर्जिल्लयाच्या घराण्यावर नातीला मी जरा वेळ थांबवलं. कारण तिथंच लिहिलंय की मूळ पुरुषानं गिलादी बर्जिल्लयाच्या मुलीशी लग्न केलं आणि सासऱ्याचं नाव लावलं. हा बर्जिल्लय मोठा माणूस. अबशालोम या मुलाच्याच बंडात दावीद राजा पळत होता तेव्हा त्याच्या माणसांना अन्न पुरवणाऱ्यांपैकी एक. जावयाला नाव भारदस्त मिळालं, पण मला वाटतं, याजकांच्या वंशाचा धागा कागदावर तिथंच तुटला. असे घरजावई मी नोंदींत पाहिलेत. तीन पिढ्यांनी त्यांचे पणतू दोन्ही गावांच्या दप्तरांत हेलपाटे घालतात. हक्कोसाचं पुढं काय झालं, याचाही माग लागतो. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात मरेमोथ बिन उरीया बिन हक्कोस नावाचा माणूस यरुशलेमेच्या कोटाचे दोन भाग बांधतो. आणि एज्राच्या आठव्या अध्यायात मंदिराचं सोनं-रुपं तोलून घेताना उरीया याजकाचा मुलगा मरेमोथ हजर आहे. हा तोच असेल, तर त्या घराण्याचं काम मार्गी लागलं म्हणायचं.

आता 'बिन' या शब्दाविषयी. जुन्या मोडी कागदांत 'अमुक बिन तमुक' असं सर्रास असतं आणि मराठी शास्त्रातही तोच शब्द घेतलाय: यहोशवा बिन नून. हिब्रूत 'बेन', अरबीत 'बिन', एकाच कुळातले शब्द. आपण त्याचा अर्थ 'मुलगा' असा धरतो. हिब्रूत मात्र त्याचा अर्थ नातू, पणतू, वंशज असाही होतो. एज्राच्या सातव्या अध्यायात एज्रा याजकाची वंशावळ पहिला महायाजक अहरोन याच्यापर्यंत नेली आहे. तीच घराणी पहिल्या इतिहासाच्या सहाव्या अध्यायात पडताळून पाहा. अजऱ्या आणि मरायोथ यांच्यामध्ये तिथली सहा नावं एज्राच्या यादीत नाहीत. ही चूक समजू नका. एज्राला अहरोनापर्यंत पोचायचं होतं, आणि त्यासाठी लागतात तेवढी नावं दिली. त्यामुळं पिढ्या मोजून वर्षांचा हिशोब करायचा मोह झाला तर आधी दुसऱ्या यादीशी ताळा करा.

जिथं वर्षं स्वतःच लिहिलेली आहेत, तिथं मात्र हिशोब जरूर करा. उत्पत्तीचा पाचवा अध्याय त्यासाठीच उघडायला सांगितला. कागदावर तीन रकाने पाडा: जन्म, पुढचा मुलगा झाला तेव्हाचं वय, मृत्यू. आदामाचा जन्म शून्य धरा. तो १३० वर्षांचा असताना शेथ झाला, म्हणून शेथाचा जन्म १३०. शेथ १०५ वर्षांचा असताना अनोश, म्हणजे २३५. मग केनान ३२५, महललेल ३९५, यारेद ४६०, हनोख ६२२, मथुशलह ६८७, लामेख ८७४, नोहा १०५६. हे रकाने माझ्या नातीनं स्वतः भरले, मी फक्त खोडरबर पुढं करत होतो.

आता मृत्यूचा रकाना भरा. आदाम ९३० व्या वर्षी गेला. तेव्हा लामेख ५६ वर्षांचा होता, म्हणजे नोहाच्या बापानं आदामाला जिवंत पाहिलेलं असू शकतं. आणि खालून वर नजर टाकली की दिसतं, त्या यादीत आदामाच्या मृत्यूनंतर जन्मलेला पहिला माणूस नोहा. त्याचं नाव ठेवताना लामेख काय म्हणाला ते वाचा: देवानं शापलेल्या जमिनीत राबताना होणाऱ्या कष्टांतून हा आम्हाला दिलासा देईल. ज्या माणसामुळं जमिनीला शाप लागला तो मेल्यावर जन्मलेलं हे पहिलं लेकरू. शास्त्र हे शब्दांत कुठंच सांगत नाही. हे आकड्यांत ठेवलंय, आणि जो बेरीज करील त्यालाच सापडतं. नातीनं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, परत मोजते." परत मोजलं, तेच आलं.

मथुशलहाचीही बेरीज करा. तो ९६९ वर्षं जगला. ६८७ आणि ९६९ मिळून १६५६. जलप्रलय नोहाच्या सहाशेव्या वर्षी, म्हणजे १०५६ आणि ६०० मिळून तेही १६५६. सगळ्यात जास्त जगलेला माणूस प्रलयाच्या वर्षीच गेला.

एक सावधगिरी. हे आकडे हिब्रू मूळ पाठातले आहेत. जुन्या ग्रीक भाषांतरात आदामाचं वय शेथाच्या जन्मावेळी २३० दिलंय. शोमरोनी (समॅरिटन) लोकांच्या पाठात आदाम ते प्रलय १३०७ वर्षंच होतात. त्यामुळं या बेरजांवरून जगाचं वय ठरवायला बसू नका. प्रत्येक पाठ आपला हिशोब घेऊन चालतो, आणि तो त्याच्या जागी वाचायचा.

याच अध्यायात दुसरी गोष्ट शिका: ठरलेलं वाक्य ओळखा आणि ते कुठं मोडतं ते शोधा. 'आणि तो मरण पावला' हे आठ वेळा येतं. सातव्या पिढीच्या हनोखाला मात्र ते नाही. तो देवाबरोबर चालला आणि दिसेनासा झाला, कारण देवानं त्याला नेलं. त्याची वर्षं ३६५, आसपासच्यांच्या निम्म्याहूनही कमी. सातवी आणि दहावी जागा नेहमी बघत जा. रूथच्या पुस्तकाच्या शेवटची यादी पेरेसापासून सुरू होते, यहूदापासून नाही. असं का? मोजा: सातवा रूथचा नवरा बवाज, दहावा दावीद. पेरेस कुणाचा, हे उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात आहे: यहूदाला त्याची सून तामार हिच्यापासून झालेला. रूथ मवाबी, म्हणजे परक्या मवाब देशाची, आणि अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत इस्राएलाच्या मंडळीत प्रवेश नाही असं सांगितलंय. त्याच पार्श्वभूमीवर ही दहा नावांची यादी उभी आहे, आणि मवाबी बाईचा पणतू राजा झालाय. यादीत रूथचं नाव नाही, पण तिच्या गोष्टीचा शेवट याच यादीनं होतो.

काही नावं माणसांची नसतात, गावांची असतात. इतिहासाच्या दुसऱ्या अध्यायात शोबाल हा किर्याथ-यारीमाचा बाप, सल्मा हा बेथलेहेमाचा बाप असं येतं. गावाला बाप कसा? तर गाव बसवणारा किंवा त्या गावच्या वस्तीचा मूळ पुरुष. माणूस आणि मुलूख एकाच नावात. आपल्याकडं हे कळायला जड जाऊ नये. कोकणात वस्ती केलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहूदी, लोकांनीही रोह्यावरून रोहेकर, नवगावावरून नवगावकर, पेणेवरून पेणकर अशी आडनावं घेतली.

याचा सगळ्यात ठळक दाखला म्हणजे सलाफहादाच्या पाच मुली: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्या मोशे, एलाजार आणि सरदारांसमोर, सगळ्या मंडळीदेखत उभ्या राहतात. आम्हाला भाऊ नाही, म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का जावं? आम्हाला वतन द्या. मोशे निवाडा स्वतः करत नाही, देवापुढं नेतो. उत्तर मुलींच्या बाजूनं येतं. पुढं छत्तिसाव्या अध्यायात अट लागते: लग्न बापाच्याच वंशात करा, म्हणजे जमीन दुसऱ्या वंशाकडं जायची नाही. हरकत, सुनावणी, निकाल आणि अट, सगळं रीतसर. आता हे ऐका: १९१० मध्ये शोमरोन या इस्राएलाच्या जुन्या राजधानीच्या उत्खननात शाईनं लिहिलेली खापरं मिळाली. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या तेल आणि द्राक्षारसाच्या पावत्यांसारख्या नोंदी. त्यात मुलुखांची नावं म्हणून नोआ आणि होग्ला आहेत. बहिणींनी मागितलेलं वतन त्यांच्या नावानं सरकारी हिशोबात चालत होतं!

माझ्यासमोर आलेल्या कितीतरी वंशावळींत बहिणी नसायच्या. "मुलं किती?" म्हटलं की मुलगेच सांगायचे. म्हणून मी नेहमी दुसऱ्यांदा विचारायचो, "आणि बहिणी?" मग खाली मान घालून नावं सांगितली जायची. शास्त्राच्या यादीलाही हे दुसऱ्यांदा विचारा. शेशानाला मुलगे नव्हते, त्यानं आपली मुलगी यारहा नावाच्या मिसरी दासाला दिली, आणि तिच्यापासून पुढं तेरा नावं चालली आहेत. एफ्राइमाच्या वंशात शेरा नावाची बाई आहे, तिनं खालचं आणि वरचं बेथ-होरोन बांधलं.

इतिहासाचे ते नऊ अध्याय एका बैठकीत वाचू नका. रोज एक वंश घ्या आणि कुणाला किती जागा दिलीय ते पाहा. यहूदा सगळ्यांत आधी आणि भरपूर, लेवीला ८१ वचनं, बन्यामीन पुन्हा पुन्हा. दान आणि जबुलून यांच्या वंशावळीच तिथं नाहीत. बंदिवासानंतर यरुशलेमेभोवती जी घराणी जगत होती, उपासना चालवत होती, त्यांची ही नोंदवही आहे.

नात सध्या चौथ्या अध्यायात आहे. तिथं मधेच याबेस येतो. आईनं वेदनेत जन्म दिला म्हणून हे नाव, आणि तो देवाकडं आपली हद्द वाढवून मागतो. त्याच्या बापाचं नाव दिलेलं नाही. तिनं वरच्या-खालच्या वचनांत शोधून पाहिलं, मग कागदावर याबेसच्या वर चौकोन काढला आणि तो रिकामाच ठेवला. मी तिला म्हटलं, बरोबर केलंस. आमच्या घरच्या वंशावळीतही पणजोबांच्या वरचा चौकोन तसाच आहे.